बाहेरची मदत आणि गावचा हातपंप

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे दिलेले भाषण)



आंतरराष्ट्रीय संस्थांचे नाव निघाले की कर्जे, तज्ज्ञ आणि जाडजूड अहवाल डोळ्यांपुढे येतात. मी मात्र आपल्या चांगल्या परिचयाच्या एका वस्तूविषयी बोलणार आहे : विंधन विहिरीवरील हातपंप.

१९६६-६७ च्या दुष्काळाच्या वेळी संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, कठीण खडक भेदणारी यंत्रे भारतात आणली. पाणी लागले, परंतु त्यावर बसविलेले बिडाचे पंप मुळात परदेशातील एकेका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले. येथे एकाच पंपावर शेकडो माणसांच्या घागरी भरू लागल्या आणि ते मोडू लागले. १९७४ च्या एका पाहणीत चारांपैकी सुमारे तीन पंप बंद आढळले. जमिनीखाली पाणी आणि वर रिकामी घागर!

उत्तर मात्र परदेशातून आले नाही. जालना व सोलापूर येथे मिशनच्या कार्यकर्त्यांनी अधिक दणकट पंप घडविले होते. युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनी मिळून सोलापूरचा नमुना सुधारला, कोइमतूर भागात कसोटीस लावला, आणि त्यातून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध झाला. त्यास भारतीय मानक लाभले, अनेक कारखाने तो बनवू लागले, आणि पुढे तो आफ्रिकेतील देशांतही गेला. येथील कारागिरी ओळखून तिची कसोटी घेणे, हे युनिसेफचे कार्य मला यंत्रांच्या देणगीहून मोठे वाटते.

तथापि एक अडचण उरली. तळाचा वॉशर बदलावयाचा तर नळांची सारी रांग वर ओढावी लागे. त्यासाठी फिरते पथक हवे. पथक येईपर्यंत स्त्रियांनी पाणी कोठून आणावे, याचे उत्तर कोणत्याच आराखड्यात नव्हते. पुढे १९८० च्या दशकात ‘मार्क तीन’ आला. त्यात नळ न काढता दट्ट्या वर घेता येतो. नळ रुंद असल्याने त्याची किंमत मात्र वाढली.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी पंचायतींच्या विषयांत घातले आहे. आज अनेक गावांत नळ आले. वीज गेली की पुन्हा हातपंपच आठवतो. तेव्हा पुढील ग्रामसभेत आपल्या गावचा पंप गेल्या वर्षी किती दिवस बंद होता आणि दुरुस्तीचे साहित्य कोणाकडे आहे, एवढे तरी वाचून दाखवावे, ही माझी विनंती आहे.