निकाल आणि अभिलेख



फौजदारी खटल्यात आरोपीची बाजू लढवणाऱ्या वकिलाचे मोल समाज बहुधा एकाच मापाने करतो, ते म्हणजे त्याचे किती अशील सुटले. आणि नवी सनद घेतलेला वकीलही पुष्कळदा हेच माप निमूटपणे स्वीकारतो. वास्तविक साक्षीदार फितूर झाल्यामुळे, म्हणजे पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावरून तो न्यायालयात फिरल्यामुळे, जी निर्दोष मुक्तता होते तिच्यात वकिलाच्या कौशल्याचा वाटा फारसा नसतो, तर ज्या खटल्यात शिक्षा होते त्यातही बचावाचे काम उत्तम झालेले असू शकते. हे काम निकालाच्या शेवटच्या ओळीत कमी आणि अभिलेखात, म्हणजे साक्षी, कागद, हरकती व आदेश यांच्या एकत्रित नोंदीत, अधिक दिसते. कारण अपिलात उच्च न्यायालयापुढे साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही, तेथे पोचतो तो केवळ हा अभिलेख.

उलटतपासणीचे एक अगदी साधे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. घटनास्थळी दिव्याचा उजेड होता आणि त्यात आरोपीचा चेहरा दिसला, असे साक्षीदार न्यायालयात सांगतो, परंतु तपासादरम्यान पोलिसांनी नोंदवलेल्या त्याच्या जबाबात दिव्याचा उल्लेखच नसतो. याला न्यायालयीन व्यवहारात ‘ओमिशन’ म्हणतात, आणि वगळलेली गोष्ट महत्त्वाची असेल तर कायदा तिला विसंगतीइतकेच वजन देतो. हा मुद्दा मांडल्यावर ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते, त्यांनी ते का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे उत्तर महाराष्ट्रातील सत्र न्यायालयांत इतक्या वेळा नोंदवले जाते की त्याचा छापील शिक्का करून ठेवला तरी चालेल. नवखा वकील येथे समाधानाने खाली बसतो. मुरलेला वकील मात्र पुढे तपास अधिकारी साक्षीला येईपर्यंत ते वाक्य लक्षात ठेवतो आणि साक्षीदाराने दिव्याविषयी आपल्याला काही सांगितले नव्हते, हे त्या अधिकाऱ्याच्या तोंडून नोंदवून घेतो. कारण तेवढा एक प्रश्न राहून गेला तर विसंगती कायद्याने सिद्ध होत नाही आणि अपिलातील ज्येष्ठ वकिलाला ती हाती असूनही वापरता येत नाही.

अभिलेखातील एखाद्या तपशिलावर किती मोठी गोष्ट अवलंबून असू शकते, हे नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये घडलेल्या दरोडा आणि हत्याकांडाच्या खटल्यावरून समजते. भटक्या जमातींतील सहा मजुरांना सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तिघांची फाशी कायम ठेवून उरलेल्या तिघांना जन्मठेप दिली, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही फाशीच दिली. पुढे पुनर्विलोकनात, म्हणजे स्वतःच्याच निर्णयाच्या फेरतपासणीत, त्याच न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला आणि मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडून प्रत्येकी 5 लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून निराळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या चौघांवर खटला चालवलाच गेला नव्हता, ही बाब या निकालात निर्णायक ठरली. ती खटल्याच्या कागदपत्रांत कोठेच नसती तर सोळा वर्षांनंतर पाहण्यासारखे काही शिल्लक राहिले नसते. या खटल्याचा ‘निकाल’ नेमका कोणता, 2009 चा की 2019 चा, आणि मधल्या काळात काम केलेले वकील हरलेले मानायचे की जिंकलेले, याचे उत्तर देणे सोपे नाही.

अभिलेख घडवण्यासाठी वेळ लागतो, आणि तो नाकारला गेला तर बचाव केवळ नावापुरता उरतो. मध्य प्रदेशातील खांडवा येथे 2013 मध्ये एका फाशीयोग्य खटल्यात आरोपीसाठी वकील नेमला गेला त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि साधारण दोन आठवड्यांत खटला संपून फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये ती रद्द करून खटला नव्याने चालवण्यास सांगितले, आणि जन्मठेप वा फाशी संभवते अशा प्रकरणांत न्यायालयाने नेमलेल्या वकिलाचा अनुभव किमान दहा वर्षांचा असावा व तयारीसाठी त्याला सामान्यतः किमान सात दिवस मिळावेत असे घालून दिले. जलद न्यायाचे कौतुक करणाऱ्या वर्तमानपत्रांनी हे निकालपत्र एकदा शांतपणे वाचायला हवे होते.

निर्दोष मुक्ततेखेरीज इतरही फलिते असतात, आणि जिल्हा न्यायालयातील वकिलाचा बहुतेक दिवस त्यांच्यातच जातो. कायद्याने ठरवलेल्या 60 किंवा 90 दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो; परंतु आरोपपत्र येण्यापूर्वी अर्ज केला गेला नाही तर तो हक्क हातचा जातो, म्हणून येथे कायद्याच्या ज्ञानापेक्षा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील खूण अधिक उपयोगी पडते. खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधावर येणे, हाही अशिलाच्या आयुष्यातील अनेक वर्षांचा फरक असतो.

गुन्हेगाराचा बचाव का करायचा, हा प्रश्न प्रत्येक वकिलाला नातेवाईक विचारतातच. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार आरोपीच्या दोषाविषयी स्वतःचे मत काहीही असले तरी वकिलाने त्याचा बचाव करायचा असतो, आणि अमुक आरोपीचे वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निरर्थक ठरवले. मुंबईवरील 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबलाही न्यायालयाने वकील दिला, आणि 2012 च्या त्याच्या अपिलातच सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की अटकेतील व्यक्ती प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे येते तेव्हाच तिला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे त्या दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. याच परिषदेच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे दुर्लक्ष होते: खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाला ठरवता येत नाही. अशील सुटले तर इतके आणि न सुटले तर इतके, असा सौदा व्यवसायानेच निषिद्ध मानला आहे.

ज्यांना फी देणे परवडत नाही अशा आरोपींसाठी 2022 च्या राष्ट्रीय योजनेनुसार अनेक जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली असून तेथील वकील खासगी वकिली न करता ठरावीक मानधनावर केवळ बचावाचे काम करतात. मुख्य लोकअभिरक्षकासाठी दहा आणि उपमुख्य पदासाठी सात वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. सहायक पदासाठी मात्र शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो, म्हणजे या सभागृहातून आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना, सनद मिळताच, त्या पदासाठी अर्ज करता येईल.