शेण आमचं, युरिया त्यांचा

(दारव्हा इथे भाजी पिकवणाऱ्या बायांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मघाशी एक बाई म्हणाली, "ताई, पत्ताकोबीला पानं हातभर आली, पण गड्डा काही बांधला नाही." खत किती टाकलं विचारलं, तर म्हणाली, "ते यांनाच माहीत." रोपं लावली तिनं, निंदण केलं तिनं, रात्री लाईन आली की पाणीही तिनंच दिलं. पण कृषी केंद्रात बोलणं झालं नवऱ्याशी. म्हणून आज आपण कोबीच्या खताचा हिशोब करू. हिशोब आपल्याला येत नाही, हे आपल्याला शिकवलेलं आहे. ते खरं नाही.

पत्ताकोबी आणि फुलकोबी ही खादाड पिकं. दहा गुंठ्यांना साधारण 16 किलो नत्र, 8 किलो स्फुरद आणि 8 किलो पालाश लागतं. युरियात शंभराला 46 भाग नत्र, म्हणजे सगळं नत्र त्यातूनच द्यायचं तर 35 किलो युरिया झाला. अर्धा लागणीला, अर्धा महिन्याने. एकदम टाकला तर पानं माजतात, गड्डा पोचट राहतो आणि लुसलुशीत पानांवर अळी तुटून पडते. मग फवारणी आली. 2017 साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. आणखी एक, आपल्या काळ्या मातीत युरिया वर उघडा पडला तर वायू होऊन उडून जातो. मातीआड करा, लगेच पाणी द्या.

स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटची 50 किलोची एक बॅग बरोबर पुरते. डीएपीपेक्षा मला ती बरी वाटते, कारण तिच्यात गंधकही आहे. कोबी शिजताना जो उग्र वास येतो ना, तो गंधकाचाच! या कुळाला तो हवाच असतो, मोहरीला, मुळ्यालाही. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसं असतं, तेव्हा माती तपासल्याशिवाय त्यावर पैसा घालू नका. फुलकोबीचा देठ आतून पोकळ आणि गड्डा तपकिरी दिसला, तर बोरॉन कमी आहे असं समजा. पुढच्या लागणीआधी दहा गुंठ्यांना किलो-दीड किलो बोरॅक्स पुरतो. जास्त नको, अपाय होतो.

आता शेणखत. दहा गुंठ्यांना दोन टन, म्हणजे चार-पाच बंड्या. ते हळूहळू सुटतं. पहिल्या हंगामात त्यातलं थोडंच पिकाला मिळतं. पण माती भुसभुशीत राहते, ओल धरते आणि युरियाचा वाटा कमी करता येतो. कच्चं शेण मात्र घालू नका. उधळी लागते, तण माजतं. यवतमाळजवळचे सुभाष शर्मा रसायनाशिवाय शेती करतात, 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांनी कितीतरी वर्षं माती घडवली आहे. पहिल्याच वर्षी युरिया बंद करून कोबी लावा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. घरचा किराणा त्या कोबीवर चालतो.

"ढोरंच विकली, शेण कुठून आणू?" हाही प्रश्न आला. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात निघालं आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, त्यांच्या नावावरून नाडेप. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच असं विटांचं जाळीदार टाकं. पालापाचोळा, कुटार, तुकडे केलेली पऱ्हाटी मिळून चौदा-पंधराशे किलो. शेण फक्त शंभर किलो. बाकी चाळलेली माती आणि पाणी. थर देऊन एक-दोन दिवसांत भरायचं, वरून शेणमातीनं लिंपायचं. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत.

ऐकायला सोपं आहे. पण पाणी लागतं दीड-दोन हजार लिटर, म्हणजे पंधरा लिटरचे शंभरावर गुंड! ते कोणाच्या डोक्यावर? कोणत्याही पुस्तिकेत हे लिहिलेलं मी पाहिलं नाही. म्हणून टाकं पाऊस लागल्यावर भरा, दसऱ्याच्या सुमारास खत तयार होतं आणि लागणीला सापडतं. आणि पाणी ड्रममध्ये, बंडीवर, घरच्या पुरुषांनी आणायचं, हे विटा आणण्याआधी ठरवा.

खताच्या दुकानात मशीनवर आधार आणि अंगठा लागतो. तो तुमचाही चालतो. बॅग स्वतः आणा, पावती स्वतः ठेवा. बाजारात कोबी विकल्यावर पट्टीही तुमच्याच नावानं करून मागा.

शेवटी, ज्या मैत्रिणी मक्त्यानं वावर करतात त्यांच्यासाठी. तुम्ही शेणखत ओतलंत आणि मालकानं पुढच्या साली वावर काढून घेतलं, तर उरलेला कस त्याला मिळतो. तेव्हा वर्षाच्या मक्त्यात खत सगळीकडे पसरू नका. रोपाच्या खड्ड्यात ओंजळभर द्या, बाकी भर पिशवीतल्या खताची. आणि तीन वर्षांचा कागद मागून बघा. घरच्याच वावराच्या सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायकांनाही हाच हिशोब लागू होतो का, ते जेवणानंतर बोलू. सातबारे आणले असतील तर बाहेर काढून ठेवा.