पाण्याचे संशोधन आणि लोकांची भाषा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवीत. मी जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा पाण्याच्या संशोधनावर मी बोलणार, हे वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. झाले असे की, निवृत्तीनंतर विद्यापीठातील काही तरुण संशोधक माझ्याकडे आले. सीमाभागातील काही गावांत त्यांनी विहिरींच्या पाण्याचे नमुने घेतले होते. अहवाल इंग्रजीत तयार होता आणि ज्यांच्या विहिरी, त्यांना तो मराठीत सांगावयाचा होता. 'सर, फक्त भाषांतर करून द्या,' असे ते म्हणाले. या 'फक्त'ने माझी पुढची काही वर्षे घेतली.

आपल्या निपाणीचेच नाव पाहा. मराठीत 'निपाणी' म्हणजे जेथे पाणी नाही असा प्रदेश. संस्कृतात मात्र 'निपान' म्हणजे विहिरीजवळ गुरांना पाणी पिण्यासाठी बांधलेला हौद. अमरकोशात हा शब्द आहे. गावाचे नाव यांपैकी कशावरून पडले, या वादात मी पडत नाही. पण एकाच ध्वनीतून एकाला दुष्काळ ऐकू येतो आणि दुसऱ्याला भरलेला हौद, ही गोष्ट भाषेच्या माणसाने विसरू नये.

शास्त्र मराठीत सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही, आणि दूरचीही नाही. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील बाळाजी प्रभाकर मोडक यांनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांवर मराठीत ग्रंथ लिहिले. महात्मा फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी रानातच जिरविण्याचा विचार मांडला. तोही शेतकऱ्याला कळेल अशा रोखठोक भाषेत. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. बेळगावात १९८७ पासून राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचे कठीण पाषाणाच्या प्रदेशासाठीचे केंद्र आहे. म्हणजे संशोधन दाराशी आहे आणि ते सांगणारी भाषाही घरातच आहे. मधला उंबरठा तेवढा ओलांडावयाचा राहतो.

पहिलाच अडथळा 'जलधर' या शब्दाचा. खडकाच्या ज्या थरात पाणी साठते आणि ज्यातून ते वाहते, त्याला आपल्या पारिभाषिक कोशांनी हे नाव दिले. शब्द रेखीव आहे. पण मी चाळीस वर्षे वर्गात 'जलधर' म्हणजे मेघ असे शिकवीत आलो! गावच्या बैठकीत संशोधकाने तो उच्चारताच एक वृद्ध शेतकरी वर आभाळाकडे पाहू लागले. त्यांचे काही चुकले नव्हते.

मग आम्ही उलट्या दिशेने निघालो. विहीर खोदणाऱ्यांना विचारले, 'खाली काय काय लागते?' त्यांनी क्रमाने सांगितले : वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मुरूम आणि मांजऱ्यात पाझर असतो. काळ्या पाषाणात चीर सापडली तर पाणी, नाही तर सुरुंगाचा खर्च वाया. आता भूशास्त्र काय सांगते? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचा कातळ झाला. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. त्या भागाची झीज होऊन त्यात पाणी शिरू लागले. थराचा गाभा मात्र घट्ट राहिला, त्यात पाणी सांधे व भेगांतूनच फिरते. विहीर खोदणाऱ्याचे ज्ञान आणि प्राध्यापकाचे ज्ञान येथे एकमेकांना भेटतात. फक्त त्यांची ओळख कोणी करून दिलेली नव्हती. आमच्या मराठी मजकुरात 'मांजऱ्या' हा शब्द गेला आणि 'सच्छिद्रता' कंसातसुद्धा राहिली नाही. एका संशोधकाला हे अशास्त्रीय वाटले. मला विचाराल तर मुळात शास्त्रीय निरीक्षणातूनच आलेला तो शब्द आहे.

याच फिरतीत एका आजींनी विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही. 'आदी बी कोन आल्ती, बाटल्या भरून न्हेली. फुडं काय झालं त्येचं?' आधी कोणी तरी येऊन पाणी नेले होते, त्याचा निष्कर्ष गावात परत आलाच नव्हता. त्या पाण्यावर कोणाला तरी पदवी मिळाली असेल, एखादा निबंधही छापला गेला असेल; घागर मात्र त्याच विहिरीवर भरली जात होती. पाणी ज्याचे, त्याला उत्तर मिळणे हा संशोधनाचाच भाग आहे, उपकार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि उत्तर देताना शब्द जपून वापरावा लागतो. आपल्याकडे पाणी नितळ असते, स्वच्छ असते, शुद्ध असते, पवित्रही असते. पण यांपैकी एकाही शब्दाचा अर्थ 'निर्धोक' असा होत नाही. नायट्रेटचेच उदाहरण घ्या. उसाला घातलेल्या रासायनिक खतातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून ते झिरपून विहिरीत उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. अधिक झाल्यास वरच्या दुधावरच्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. अशा वेळी आई काय करते? पाणी उकळते. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. 'पाणी उकळून प्या' ही शाळेत शिकविलेली सूचना खरी असूनही येथे पुरी पडत नाही. हे वाक्य आम्ही पत्रकाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत घातले.

आता शेजारच्या हुबळी-धारवाडकडे वळतो. २००८ च्या सुमारास तेथे, बेळगावात आणि गुलबर्ग्यात काही प्रभागांत चोवीस तास नळपाणी सुरू झाले. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हुबळी-धारवाडमध्ये दोन्ही प्रकारचे नळ तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात, अखंड पुरवठ्याच्या नळांवरील ०.७ टक्के नमुन्यांत विष्ठेतील जंतूंची खूण आढळली. अधूनमधून पाणी येणाऱ्या नळांवर हेच प्रमाण ३१.७ टक्के होते. कारण समजण्यासारखे आहे : पाणी बंद झाले की नळातील दाब उतरतो आणि गळतीच्या छिद्रांतून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. म्हणून पाणी आल्याबरोबरची पहिली धार पिण्यासाठी भरू नये. ती झाडांना घालावी.

येथवर सांगणे सोपे होते. २०१५ च्या पुढील निबंधात मात्र गुंता आहे. अखंड पुरवठ्याच्या भागात विषमज्वर झाल्याचे सांगणारी घरे कमी होती, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील लहान मुलांना रक्ती हगवणही कमी होती. परंतु साध्या जुलाबांत आणि लहान मुलांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. हे मराठीत कसे सांगावे? एका उत्साही तरुणाने लिहिले, 'फरक नाही'. मी ते खोडून 'फरक आढळला नाही' असे केले. पहिले वाक्य जगाविषयी बोलते. दुसरे आपल्या पाहण्याविषयी. व्याकरणाच्या तासाला आपण हा भेद क्षुल्लक मानतो. वृत्तपत्राच्या मथळ्यात तो नाहीसा झाला की चांगली योजना निरुपयोगी तरी ठरते, नाही तर सर्व रोगांवरचा रामबाण तरी.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. 'भूजल' मराठी, 'अंतर्जल' कन्नड. संस्कृतातून आलेले हे दोन्ही शब्द पाणवठ्यावर कोणीच बोलत नाही. पण कन्नडमधील 'बावी' आणि आपली 'बाव' सख्ख्या बहिणी आहेत, आणि दोघींच्या तळाशी पाझर एकच आहे. त्याला १९५६ ची राज्य-पुनर्रचना ठाऊक नाही. आमचे पत्रक दोन्ही भाषांत निघाले तेव्हा कन्नड मजकूर एका निवृत्त कन्नड शिक्षकांनी केला. 'पुनर्भरण' या शब्दावर आम्ही दोघे एक दुपारभर अडलो. शेवटी त्यांनी त्यांच्या भाषेत 'विहिरीला पाणी परत करणे' असे लिहिले, आणि मी तेच मराठीत घेतले.

मुख्याध्यापकांना एक सुचवितो. शाळेच्या जवळच्या विहिरीची पातळी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आठवीच्या मुलांनी दोरीने मोजावी आणि फळ्यावर लिहावी. काठापासून पाण्यापर्यंत किती, एवढेच. दोन पावसाळे गेले की त्या आकड्यांना स्वतःचे बोलणे येईल. ते आकडे मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावावेत. दोरी आणि पहिली वही मी आज बरोबर आणली आहे, ती व्याख्यानानंतर विज्ञानाच्या बाईंकडे देतो.