दाखले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर ११ सप्टेंबरला विनोबांच्या जयंतीस मी इथे बोलते. आपल्या पेण तालुक्यातले गागोदे, तिथे १८९५ साली झालेला त्यांचा जन्म, हे सारे तुम्हांला माझ्या तोंडून ऐकून पाठ झाले असेल. त्याच कथेतला एक भाग मात्र मी वर्षानुवर्षे घाईने उरकीत आले. आज त्याविषयी बोलणार आहे. पण आधी माझ्या घरचे सांगते.

माझे माहेर रोह्याचे. वडील कारकून. एक तारखेला पगार येई आणि त्यावर सहा माणसांचे घर चाले. शेजारी एका दुकानदाराचे बिऱ्हाड होते. एका पावसाळ्यात त्यांची बाई आमच्याकडे रोज वाटी घेऊन येई. कधी तांदूळ, कधी तेल. तेव्हापासून माझ्या मनाने घेतले की, महिन्याचा पगार तेवढा खरा, बाकी सारे वाऱ्यावरचे.

माझी मुलगी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आली आणि धाटावच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामावर लागली. मी पेढे वाटले. तुम्ही खाल्ले आहेत. दोन वर्षांनी, २०२३ च्या उन्हाळ्यात, तिने ती नोकरी सोडली आणि इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी शिकायला जाऊ लागली. तसे पाहिले तर दोन्ही कारखानेच! पण एकाचे नाव सांगताना माझी मान ताठ होई आणि दुसऱ्याचे सांगताना खाली. “मातीत हात घालायला का तुला शिकवले? उद्या स्थळ आले तर काय सांगू?” असे मी बोलले, आणि मग बोलणेच टाकले. डबा भरून ओट्यावर ठेवायचा आणि आत निघून जायचे. तिचे दाखले मात्र मी ट्रंकेत कुलपात ठेवले. म्हटले, असू देत, लागतील.

पुढे जयंती आली. विनोबांनी तरुणपणी आपले दाखले चुलीत घातले, तो प्रसंग मी सांगत होते. आई जवळ होती. तिचे म्हणणे इतकेच होते की, आज नको असतील, पण ठेवायला काय हरकत आहे? हे सांगता सांगता माझी जीभ अडखळली. मी पाणी प्याले आणि तडक १९१६ सालावर गेले: इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला मुलगा सुरतेला उतरून काशीला गेला. तुम्ही टाळ्या वाजविल्या. दुसऱ्याचा मुलगा परीक्षा टाकून गेला म्हणून टाळ्या, आणि माझी मुलगी चार गल्ल्या पलीकडे गेली तर घरात अबोला!

त्या वर्षी चतुर्थी १९ तारखेला होती. आदल्या रविवारी मुलगी डबा विसरली, की मुद्दामच ठेवून गेली, कोण जाणे. तो घेऊन मी प्रथमच कारखान्यात गेले. ती पाटावर बसून शाडूच्या मूर्तीचे डोळे आखीत होती. मी हाक मारणार तोच तिथले वयस्कर कारागीर म्हणाले, “वहिनी, जरा थांबा, हात हलेल.” मी डबा धरून उभी राहिले. नोकरीच्या दोन वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

काळजी गेली असे मी म्हणणार नाही. मिळकत हंगामाची आहे, स्थळांचे उत्तर अजून मला सुचलेले नाही. पण विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हते, गीता मराठीत हवी अशी तिची इच्छा होती. मुलाने ‘गीताई’ लिहिली ती १९३०-३१ साली, आणि आई तर १९१८ सालीच गेलेली. तिला ते पाहायला मिळाले नाही. मला माझ्या लेकीचे काम डोळ्यांनी पाहायला मिळाले, आणि तेही मी चार महिने नाकारीत होते.

त्या रात्री मी ट्रंक उघडून दाखले तिच्यापुढे ठेवले. म्हटले, तुझे तू काय ते कर. ती म्हणाली, “आई, तुझ्यापाशीच राहू देत. कारखान्यात ओल फार असते.”