संगणकाची स्मृती : ओळख आणि वाढ

घरातील किंवा कचेरीतील संगणक मंदावला की दोन सल्ले हमखास मिळतात. 'यंत्र जुने झाले, नवे घ्या' हा पहिला आणि 'रॅम वाढवा' हा दुसरा. दोन्ही सल्ले प्रसंगी खरे ठरतात, प्रसंगी व्यर्थ खर्चात पाडतात. धडधाकट यंत्र मोडीत जाणे आणि यंत्रात न बसणारी पट्टी विकत घेतली जाणे, हे दोन्ही प्रकार एकाच अज्ञानातून घडतात. संगणकाची स्मृती म्हणजे काय आणि ती केव्हा अपुरी पडते, एवढे उमगले तर दोन्ही टाळता येतात.

संगणकातील साठवण दोन प्रकारची असते. जुन्या पेढीवरील दिवाणजीचे मेज आणि मागल्या खोलीतील दफ्तर यांचा दृष्टांत येथे चपखल बसतो. दफ्तरात वर्षानुवर्षांचे रुमाल बांधून ठेवलेले असतात; मेजावर मात्र चालू कामाच्याच वह्या उघडलेल्या असतात. हार्ड डिस्क किंवा एसएसडी हे संगणकाचे दफ्तर, तर रॅम हे त्याचे मेज. मेज भरून गेले म्हणजे एक वही उघडण्यासाठी दुसरी दफ्तरात ठेवून यावी लागते, आणि दिवाणजीचा वेळ हिशेबाऐवजी येरझाऱ्यांत जातो. रॅम भरली असता संगणकही हेच करतो. हाताशी असलेला मजकूर तो डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क ही रॅमच्या मानाने फारच संथ असल्यामुळे सारे यंत्र अडखळू लागते.

या मेजाचा विस्तार किती झपाट्याने झाला, हे पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती फेराइटच्या बारीक कड्या तारांत ओवून बनविलेली होती. तीत प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने हे अवघे १० किलोबाइट होतात. साध्या घरगुती संगणकातील ८ जीबी रॅम त्याच्या आठ लाख पटींहून अधिक भरते.

हा पल्ला गाठता आला तो रॉबर्ट डेनार्ड या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेमुळे. आयबीएम कंपनीत काम करीत असताना १९६६ साली त्यांनी एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर एवढ्यावरच एक बिट साठविण्याची युक्ती काढली. १९७० साली इंटेल कंपनीने १,०२४ बिटांची स्मृती असलेली चिप बाजारात आणली आणि कड्यांच्या स्मृतीचे दिवस भरले. मात्र या नव्या स्मृतीत एक उणीव आहे. तिच्यातील प्रत्येक कपॅसिटर म्हणजे जणू गळकी घागर. विद्युत्‌भार हळूहळू झिरपून जातो, म्हणून तो सेकंदात अनेक वेळा पुन्हा भरावा लागतो. वीज जाताच सर्व घागरी रित्या होतात. न जतन केलेले पत्र वीज जाताच नाहीसे होते, त्याचे कारण हेच. उलट, रॅम बदलल्याने छायाचित्रे पुसली जातील ही भीती निराधार आहे. ती मेजावर नव्हे, दफ्तरात असतात.

तेव्हा खर्चापूर्वी परीक्षा करावी. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. नेहमीची सर्व कामे चालू ठेवून त्यातील मेमरीचा आकडा पाहावा. तो सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम वाढविल्याचा गुण येईल. तो निम्म्यावरच रेंगाळत असेल, तर दोष अन्यत्र आहे. पुष्कळदा जुनी फिरती हार्ड डिस्क हेच दुखण्याचे मूळ असते, आणि तिच्या जागी एसएसडी बसविणे अधिक फलदायी ठरते. रिकाम्या मेजाला फळी जोडून दिवाणजीचा हात चपळ होत नाही.

रॅमच घ्यावयाची ठरल्यास तिची जात ओळखणे अगत्याचे आहे. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. प्रत्येकीच्या पट्टीवरील खाच निराळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असल्यामुळे वाढीला वावच नसतो. मदरबोर्ड कमाल किती रॅम स्वीकारतो आणि किती स्लॉट रिकामे आहेत, हेही आधी पाहावे. भिन्न वेगाच्या दोन पट्ट्या जोडल्यास दोन्ही संथ पट्टीच्या चालीने चालतात. विंडोजची ३२ बिटांची घरगुती आवृत्ती असल्यास ४ जीबीपलीकडील स्मृती निरुपयोगी ठरते.

पट्टी बसविताना यंत्र बंद करून वीजजोडणी काढावी. लॅपटॉपची बॅटरीही सोडवावी. अंगावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ शकते, म्हणून प्रथम यंत्राच्या उघड्या धातूच्या सांगाड्याला हात लावावा आणि पट्टी कडांनीच धरावी. खाच जुळवून घेतल्याखेरीज जोर करू नये. मेजावरच्या संगणकात पट्टी सरळ दाबताच बाजूची खिटी खट्‌ आवाज करून बसते. लॅपटॉपमध्ये ती तिरपी सरकवून खाली दाबावयाची असते. यंत्र सुरू झाले नाही, तर घाबरून न जाता पुन्हा वीज तोडून पट्टी काढावी आणि नीट बसवावी. बहुधा ती अर्धवट बसलेली असते.

योग्य निदानानंतर केलेल्या एवढ्याशा दुरुस्तीने विद्यार्थ्याचा किंवा लहान दुकानदाराचा संगणक आणखी काही वर्षे सुखाने चालू शकतो. निदानावाचून घेतलेले औषध मात्र येथेही पैसे खाते आणि दुखणे तसेच ठेवते.