पाण्याची वाट एकच काय?

पोलादपूर तालुक्यांतील कापडे गांवाच्या आसपास आषाढांत डोंगरांवरून पाणी कोसळूं लागलें, कीं खालीं सावित्रीकांठच्या महाडांत एकच प्रश्न उभा राहतो: पाणी कोठवर चढेल? जुलै २०२१ मध्यें त्या प्रश्नाचें दारुण रूप महाडनें पाहिलें.

याच्या मुळाशीं गणिताचा एक प्रश्न आहे. प्रवाहाच्या आजच्या गतीवरून उद्यांची गति ठरते काय, आणि ती एकच असते काय? नाव्ह्ये व स्टोक्स यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रवाहाचीं समीकरणें मांडलीं. परंतु समीकरण मांडणें निराळें आणि त्याला उत्तर आहेच हें सिद्ध करणें निराळें. सपाट, म्हणजे द्विमितीय प्रवाहापुरतें हें साधलें. फ्रान्सचे झां लेरे यांनीं १९३३ च्या सुमारास अमर्याद प्रतलावरील, आणि रशियन विदुषी ओल्गा लादिझेन्स्काया यांनीं १९५९ च्या सुमारास कांठांनीं वेढलेल्या प्रवाहाचा निर्णय लाविला: उत्तर असतें, व तें एकमेव असतें.

कारण सुबोध आहे. सपाट प्रवाहांतील भोवरा ताणला जात नाहीं. म्हणून त्याचें फिरणें बेताबाहेर जात नाहीं. खऱ्या नदींत मात्र तो ताणला जाऊन बारीक होतो व अधिकाधिक वेगानें फिरूं शकतो. त्या त्रिमितीय प्रवाहाचा निकाल अद्यापि लागलेला नाहीं; २००० सालीं क्ले संस्थेनें त्यासाठीं जाहीर केलेलें दहा लक्ष डॉलरांचें पारितोषिक तसेंच पडून आहे.

म्हणून पुराचे अंदाज निरर्थक ठरत नाहींत. ते माणसाला वेळींच सावध करतात. परंतु सावित्रीला गणितानें पुरतें बांधलें, असें म्हणण्याचा दिवस अजून उगवावयाचा आहे.