मालवणची होडी आणि पाण्यावरची रेघ

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे वेळेचा हिशेब चुकणार नाही, काळजी नको.

गेल्या हिवाळ्यात आपल्या सोसायटीतले आम्ही सात जण मालवणला जाऊन आलो. जिवतीच्या डोंगरावरून निघायचं, गडचांदूर, बल्लारशा, मग रेल्वेनं मुंबई, तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ, पुढे मालवण. एवढ्या वेळात माणूस परदेशी पोहोचतो, असं आमची ही म्हणाली. खरंच आहे. टीव्हीवर भूमध्य समुद्रातली बेटं, तिथल्या होड्या, निळं पाणी बघून आपण हळहळतो. पण तसली बेटं आपल्याच राज्यात आहेत आणि तीही संरक्षित आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. सगळ्या बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाला ते पाणी पिताना काय वाटलं असेल, ते मी सांगायला नको. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे. शेजारी पद्मगडाचं छोटं बेट. ओहोटीला तिथं वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला होडी लागते.

किल्ला तर सगळेच बघतात. मला सांगायचं आहे ते पाण्याखालचं.

किल्ल्याच्या तटाजवळच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. दिसायला दगड, पण तो दगड नव्हे. हजारो बारीक प्राण्यांची ती वसाहत असते, म्हटलं तर त्यांची हाउसिंग सोसायटीच! प्रत्येकाचा चुन्याचा गाळा वेगळा, भिंत मात्र सामाईक. गोलसर प्रवाळ वर्षाला बोटाच्या पेराएवढाही वाढत नाही. त्यावर कुणी पाय ठेवून उभा राहिला किंवा होडीचा नांगर पडला, की कित्येक वर्षांची वाढ मिनिटात जाते. वन्यजीव कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत आपला ताडोबाचा वाघ आहे, तिच्यातच २००१ पासून हे प्रवाळही आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्या पाण्यात पाय आपटणं ही साधी गोष्ट नाही.

आपला समुद्राशी काय संबंध, असं वाटत असेल तर ऐका. गडचांदूरचे सिमेंट कारखाने ज्या चुनखडकावर चालतात, तोही समुद्राच्या तळाशीच साचलेला आहे. शंभर कोटींहून जास्त वर्षं झाली त्याला; तेव्हा जगात प्रवाळ जन्मालाही आले नव्हते.

असो. मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं १९८७ साली. क्षेत्र २९ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम तीन चौरस किलोमीटरचा. सिंधुदुर्ग आणि पद्मगड त्या गाभ्यातच येतात. ताडोबात कोअर-बफर असतं तसंच. फरक एवढाच, की ताडोबात गेट आहे, परमिट आहे, जिप्सीत गाईड बसतो. इथं आम्ही गाभ्यात कधी शिरलो हे कळलंच नाही. होडीवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, "काकानू, पाण्यात रेघ कशी मारतली? आणि मारली तरी कोणाक दिसतली?"

तो मूळचा मासेमार. पर्यटकांचा हंगाम संपला की जाळ्याकडे वळणारा. त्याच्या बोलण्यातून कळलं, की अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध पहिल्यापासून आहे. भीती एकच : उद्या आमच्या रापणीवर बंदी आली तर? रापण म्हणजे किनाऱ्यावरून साऱ्या वाडीनं मिळून ओढायचं जाळं. त्यांचं म्हणणं, समुद्र ओरबाडतात ते पर्ससीनवाले आणि ट्रॉलरवाले. पर्ससीनवर २०१६ साली राज्य सरकारनं निर्बंध घातले, तरी भांडण मिटलेलं नाही.

मला हे ऐकताना आपली जिवती आठवली. वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. शेत कसतोय बाप-आजापासून, पण कागदावर ते जंगल. पट्टा नाही म्हणून पीककर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूनं वर्षानुवर्षं पाहिलं आहे. रेघ कुणीतरी नकाशावर मारतो, आणि रेघेवर राहणाऱ्याला ती नोटीस आल्यावर कळते.

म्हणून संरक्षणच नको, असं मी म्हणणार नाही. मालवणच्या आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, स्पेननं ताबार्का बेटाभोवती आपलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र केलं. तिथंही तटबंदीच्या आत वस्ती आहे, मासेमार आहेत, होडीनं येणारे पर्यटक आहेत. त्यांनी एक भाग पूर्ण बंद ठेवला, भोवताली पारंपरिक मासेमारीला जागा दिली आणि गस्तीला होडी ठेवली. कुणाला कुठं काय करता येईल, हे ठरलेलं आहे. मालवणात मात्र पर्यटक प्रवाळावर उभा राहून सेल्फी काढतो, त्याला कुणी अडवत नाही. आणि मासेमार मात्र अजून धास्तावलेला. आमच्यातल्या एकाला होडीवाल्यानंच दटावलं, "पाय खाली सोडू नका!" त्याला कुठल्या खात्यानं नेमलं नव्हतं. पण मासे तिथंच वाढतात, हे त्याला माहीत होतं.

ज्यांना जायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर जावं, तेव्हा पाणी नितळ असतं. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी होडीतून उतरताना घाई करू नये, जेटीच्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या असतात. लाइफ जॅकेट लाजू नका, घाला. आमचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, चहाच्या वेळी दाखवतो.